कोचला नारळ, चाहत्यांना सुतक

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४. सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकन बास्केटबॉल संघाचे कोच माइक ब्राऊन यांनी नेहमीप्रमाणे सराव घेतला, पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि गाडी काढून ते विमानतळाच्या रस्त्याला लागले. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसला लेकर्सशी सामना होता. वाटेत फोन वाजला. नोकरी गेली होती. माणसाची बॅग भरलेली आहे, गाडीचं तोंड विमानतळाकडे आहे, नेमका हाच मुहूर्त नारळ द्यायला निवडणाऱ्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी तेवढी थोडीच.

खरं तर त्या दिवशी सॅक्रामेंटोच्या चाहत्यांनी पेढे वाटायला हवे होते. आदल्याच रात्री संघ डेट्रॉइटकडून एका गुणाने हरला होता, ११४-११३. शेवटची काही सेकंदं उरली असताना तीन गुणांनी पुढे असलेल्या संघाने जगात एकच गोष्ट करायची नसते: तीन गुणांचा फटका मारणाऱ्याला धक्का द्यायचा नसतो. किंग्जचा सर्वांत मोठा खेळाडू डीॲरन फॉक्स याने तोच दिला. चेंडूही आत गेला, वर एक फ्री थ्रोही मिळाला, झाले चार गुण. घरच्या मैदानावरचा तो लागोपाठ पाचवा पराभव. हंगामाचा हिशेब १३ विजय, १८ पराभव. त्या रात्री ब्राऊनना घालवा असं न म्हणणारा चाहता गावात शोधून काढावा लागला असता.

फोल्सम हे सॅक्रामेंटोचं उपनगर. पूर्वी ते तिथल्या तुरुंगासाठी प्रसिद्ध होतं, आता इंटेलच्या कचेरीसाठी आहे, आणि त्या कचेरीमुळे तिथे आपली माणसंही बरीच. त्यांतच माझा एक मावसभाऊ. त्याचा गुरुवार रात्रीचा, म्हणजे आपल्याकडच्या शुक्रवार दुपारचा निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे. “दादा, हा माणूस गेला पाहिजे. आजच्या आज. याला बदली खेळाडू कधी उतरवायचे एवढंही कळत नाही.” त्याच्या पुढचा निरोप मला शनिवारी पहाटे मिळाला. “दादा, काढलं रे त्याला! गाडीत असताना! काय माणसं आहेत ही? काही जनाची नाही, मनाची नाही. १६ वर्षांनी ज्याने चांगले दिवस दाखवले त्याला असं? मला तर जेवण जात नाहीये.”

मी म्हटलं, “अरे, पण तूच काल...”

“काल वेगळं होतं,” तो म्हणाला. “काल तो कोच होता.”

या वाक्यावर मी बराच विचार केला, आणि मला वाटतं चाहता नावाच्या प्राण्याचं सगळं शास्त्र त्यात आलं. पदावर असलेला कोच मूर्ख असतो. पदावरून गेलेला कोच सज्जन, अभ्यासू, खेळाडूंचा बापासारखा सांभाळ करणारा आणि राजकारणाचा बळी असतो. एवढं स्थित्यंतर व्हायला त्याला स्वतःला काही करावं लागत नाही, एक फोन घ्यावा लागतो. आणि चाहत्याच्या मनात दुटप्पीपणाही नसतो. त्याची बिचाऱ्याची तक्रार रास्त असते. कोचला शिव्या घालायचा हक्क चाहत्याचा, काढायचा हक्क मालकाचा. मालकाने आपला हक्क बजावला की चाहत्याचा हक्क आपोआप संपतो. उद्यापासून शिव्या कुणाला घालायच्या? तिकिटाचे पैसे तर वर्षभराचे भरलेले.

पण सॅक्रामेंटोच्या सुतकाला इतिहासही आहे आणि तो सांगितल्याशिवाय त्या रडण्याची गोडी कळायची नाही.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी. हे वाक्य अमेरिकेतल्या निम्म्या लोकांना ऐकवलं तर ते “हो का?” म्हणतील, कारण त्यांच्या लेखी कॅलिफोर्निया म्हणजे लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को. गावात मोठ्या खेळांपैकी वर्षानुवर्षं संघ एकच: किंग्ज. लेकर्सचे त्या वेळचे कोच फिल जॅक्सन यांनी एकदा या गावाला गुराढोरांचं गाव म्हणून हिणवलं. दुसरं एखादं गाव खवळलं असतं, मोर्चा निघाला असता, भावना दुखावल्या असत्या. सॅक्रामेंटोच्या लोकांनी गाईच्या गळ्यातल्या घंटा आणल्या आणि सामना संपेपर्यंत जॅक्सन यांच्या कानाशी वाजवल्या. या लोकांचा मूळ स्वभाव तुमच्या लक्षात आला असेल. २०१३च्या नोव्हेंबरात याच मंडळींनी बंदिस्त मैदानात १२६ डेसिबलचा कल्ला करून गिनेस बुकात नाव नोंदवलं. संघाचं नाव कुठल्याच चांगल्या यादीत येत नव्हतं, तेव्हा निदान ओरडणाऱ्यांचं तरी आलं.

कारण २००६ साली रिक ॲडेलमन या कोचचा करार संपला आणि मालकांनी तो वाढवला नाही. ॲडेलमन आठ हंगाम होते आणि आठही हंगाम संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचला होता. तेव्हाही चाहते म्हणत होते, हा बाबा पोचवतो पण जिंकवत नाही. ॲडेलमन गेले आणि पुढचे १६ हंगाम संघ बाद फेरीचं तोंड पाहू शकला नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ कुठल्याच संघाने काढलेला नाही. या काळात ११ कोच आले आणि गेले. मसलमन, थीअस, नॅट, वेस्टफल, स्मार्ट, मलोन, कॉर्बिन, कार्ल, जोर्गर, वॉल्टन, जेंट्री. ही नावं सॅक्रामेंटोचा जुना चाहता शाळेतल्या पाढ्यासारखी एका दमात म्हणतो, आणि प्रत्येक नावानंतर एक सुस्कारा टाकतो, तो पाढ्यात नसतो.

या ११ जणांतल्या शेवटच्या सहांना ज्यांनी आणलं ते मालक आपल्याकडचे निघाले, आणि इथून पुढे मराठी वाचकाने जरा सावरून बसावं. विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीचं, पैसा सिलिकॉन व्हॅलीतला. २०१३ मध्ये किंग्ज सॅक्रामेंटो सोडून सिएटलला जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. तेव्हा रणदिवे आणि त्यांचे भागीदार पुढे आले, ५३ कोटी ४० लाख डॉलर असं संघाचं मोल ठरलं आणि संघ गावातच राहिला. अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाचे ते भारतीय वंशाचे पहिले प्रमुख मालक. त्या वर्षी मावसभावाच्या आवाजात जो अभिमान होता तो मी पूर्वी फक्त त्याच्या मुंजीत मावशीच्या आवाजात ऐकला होता. “रणदिवे, दादा! आपले रणदिवे! बघ आता कसा कारभार होतो.”

कारभार असा झाला की पहिल्या १२ वर्षांत आठ कोच.

रणदिव्यांची एक गोष्ट फार मजेदार आहे आणि ती माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिली. मालक व्हायच्या आधी रणदिवे आपल्या लेकीच्या संघाचे कोच होते. बारा वर्षांच्या मुली, रेडवूड सिटीचा संघ, आणि कोच असा की ज्याने आयुष्यात बास्केटबॉल खेळलेलं नाही, लहानपण क्रिकेट-फुटबॉलवर गेलेलं. त्यांना एक प्रश्न पडला, जो फक्त बाहेरून आलेल्या माणसालाच पडू शकतो: आपण बास्केट केली की सगळे धावत मागे का जातात? समोरच्यांना चेंडू घेऊन निवांत अर्धं मैदान का चालू देतात? मग त्यांनी मुलींना सांगितलं, मागे जायचं नाही, पूर्ण मैदानभर मानगुटीवर बसायचं. मुली नेमबाजीत बेताच्याच होत्या, पण समोरच्यांना चेंडू आतही टाकता येईना. संघ थेट राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. समोरचे कोच मात्र संतापायचे.

अशा माणसाच्या हाती व्यावसायिक संघ आला की पगारी कोचची झोप उडणारच. मालकाला खेळातलं काही कळत नसेल तर बरं. सगळं कळत असेल तरीही चालतं. पण मालकाला एकदा, एकाच गोष्टीत, सगळ्यांपेक्षा जास्त कळलेलं असेल तर देवच वाली. रणदिव्यांनी चार जणांनी बचाव करावा आणि पाचव्याने समोरच्या बास्केटखाली थांबून राहावं असं सुचवल्याचं तेव्हा छापून आलं होतं. गल्लीत आम्ही क्रिकेट खेळायचो तेव्हा एक मुलगा कायम भिंतीला टेकून उभा असायचा, त्याचा विचार इतका पुढे जाईल असं वाटलं नव्हतं.

पहिले कोच मायकल मलोन. डिसेंबर २०१४ मध्ये संघ ११ विजय, १३ पराभव अशा स्थितीत होता, पण मोठा खेळाडू डीमार्कस कझिन्स मेंदूज्वराने आजारी होता आणि तो असताना संघ बरा खेळत होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मलोनना नारळ मिळाला. चाहते खवळले. एरवी कोच बदलला की चाहत्यांत दोन तट पडतात, त्या वेळी एकच पडला. मलोन पुढे डेन्व्हरला गेले आणि २०२३ मध्ये त्यांनी तिथे विजेतेपद मिळवलं. सॅक्रामेंटोत त्या रात्री लोकांनी टीव्ही बघितला की बंद ठेवला, यावर मावसभाऊ बोलायला तयार नाही.

मग कॉर्बिन, कार्ल. मग डेव्ह जोर्गर, ज्यांनी ३९ विजय मिळवले, म्हणजे २००६ नंतरचा सर्वांत बरा हंगाम, आणि त्याबद्दल एप्रिल २०१९ मध्ये त्यांनाही निरोप. त्यांच्या जागी ल्यूक वॉल्टन. या वॉल्टनना मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सामने खेळले, या लीगचे भारतातले पहिलेच. पहिल्या सामन्याला स्टेडियम शाळकरी मुलांनी भरलं होतं. किंग्ज जादा वेळेत एका गुणाने हरले. पोरांना त्याचं काही नव्हतं, ती दोन्ही बाजूंच्या बास्केटना सारखंच किंचाळत होती. किंग्जचा एवढा निर्मळ प्रेक्षक त्याआधी कुणी पाहिला नसेल आणि नंतरही नाही. कोचला हाकला असं एकही पोर ओरडलं नाही, कारण कोच कुठला हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

सॅक्रामेंटोत ते ठाऊक होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉल्टन यांची गाडी सहा विजय, ११ पराभवांवर आली. युटाविरुद्धचा घरचा सामना चालू असताना मैदानाला अगदी लागून बसलेल्या एका प्रेक्षकाला ओकारी झाली. खेळ थांबवावा लागला, पुसापुशी झाली. दुसऱ्या दिवशी वॉल्टनना काढलं. आता या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण चाहत्यांच्या मतप्रदर्शनाच्या इतिहासात एवढं मनापासून, आतून आलेलं आणि तत्काळ फळाला आलेलं मत माझ्या तरी पाहण्यात नाही.

या पार्श्वभूमीवर माइक ब्राऊन आले, २०२२ मध्ये. त्यांची स्वतःची कुंडली पाहण्यासारखी होती. क्लीव्हलँडने त्यांना २०१० मध्ये काढलं होतं, त्याआधीच्या दोन हंगामांत त्यांनी ६६ आणि ६१ सामने जिंकून दिले असताना. लेकर्सनी २०१२ मध्ये नवा हंगाम सुरू झाल्यावर पाच सामन्यांत काढलं. पाच! आपल्याकडे एवढ्या वेळात कचेरीत नव्या माणसाचं ओळखपत्र होत नाही. तिथले चाहते तर पुढच्याच सामन्यात “आम्हाला फिल हवा” म्हणून ओरडत होते, तेच गुराढोरांवाले फिल जॅक्सन. आले भलतेच. मग क्लीव्हलँडने ब्राऊनना मानाने परत बोलावलं, पाच वर्षांचा करार दिला, आणि एका वर्षात पुन्हा काढलं. एकाच घरातून दोनदा बाहेर पडलेला माणूस किती समंजस असेल याचा विचार करा. मग सहा वर्षं गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये मुख्य कोचच्या शेजारी गप्प बसून काढली आणि मग सॅक्रामेंटो.

पहिल्याच वर्षी ४८ विजय. पश्चिम विभागात तिसरा क्रमांक. १६ वर्षांचा दुष्काळ संपला. त्याच वर्षी स्टेडियमच्या गच्चीवर जांभळ्या प्रकाशाचे झोत बसवले होते. संघ जिंकला की बटण दाबायचं आणि आकाशात जांभळा खांब उभा. मैलांवरून दिसायचा. लोक सामना संपत आला की “दिवा लावा, दिवा लावा” म्हणून ओरडायचे, आणि इतकी वर्षं दुसऱ्याच अर्थाने दिवे लावणाऱ्या संघाने खरोखरच दिवा लावला. मावसभावाच्या घराच्या गच्चीतून तो दिसतो म्हणे. वहिनी सांगते, त्या वर्षी हा रोज रात्री कचरा टाकायला स्वतःहून जायचा. बाद फेरीत वॉरियर्सकडून सातव्या सामन्यात हरले, स्टीफन करीने एकट्याने ५० गुण केले, पण गावाला त्याचं दुःख झालं नाही. बाद फेरीत हरणं ही त्यांच्यासाठी चैन होती. ब्राऊन वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले, तेही एकमताने; शंभरच्या शंभर पहिली मतं, असं आधी कधी झालंच नव्हतं.

त्यानंतर दीड वर्षाने गाडीत फोन. मधे जून २०२४ मध्ये करारही वाढवून दिला होता.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर आपण उगाच त्या माणसासाठी टिपं गाळत बसू. काढलेल्या कोचचे राहिलेले पैसे बहुतेक वेळा बुडत नाहीत. डेट्रॉइटने माँटी विल्यम्स यांच्याशी २०२३ मध्ये सहा वर्षांचा ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार केला. त्यांनी १४ सामने जिंकले, ६८ हरले, त्यात २८ लागोपाठ. वर्षाने काढलं तेव्हा पाच वर्षांचे पैसे उरलेलेच होते. दर महिन्याला खात्यात पगार जमा होतोय आणि सकाळी उठून कुणी शिव्या घालत नाही, याला आपल्याकडे मोक्ष म्हणतात.

आणि कोचच का जातो, खेळाडू का नाही? कारण हिशेब. खेळाडूंचे पगार लीगने घातलेल्या मर्यादेत बसवावे लागतात, एखाद्याला द्यायचं तर तेवढ्याच पगाराचा दुसरा घ्यावा लागतो, तो दुसरा संघ राजी लागतो, वकील लागतात. कोचचा पगार त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. पंधरा जण चुकतात आणि सोळाव्याला काढतात, कारण सोळावा काढायला सोपा. हे चाहत्यालाही माहीत असतं. पण आपल्या घरात फॉक्सच्या नावाचा सदरा टांगलेला असताना फॉक्सला काढा कसं म्हणणार? ब्राऊन यांच्या नावाचा सदरा कुणाकडेच नव्हता.

तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गावाने गुन्हेगार शोधायला सुरुवात केली होती. शेवटच्या सामन्यानंतर ब्राऊननी पत्रकारांसमोर फॉक्सच्या त्या धक्क्याबद्दल बोलून दाखवलं होतं, म्हणजे फॉक्सनेच काडी लावली असणार, हा एक तर्क. नाही, महाव्यवस्थापकाने. नाही, रणदिव्यांनीच. मावसभावाची इथे फार पंचाईत झाली. ११ वर्षं तो तिथल्या मित्रांना “आपला माणूस, आपला माणूस” सांगत होता. आता मित्र विचारायला लागले, तुमच्याकडे माणसाला काढायची हीच पद्धत आहे का? यावर त्याने काय उत्तर दिलं असेल? तो म्हणाला, रणदिवे फार लहानपणी बाहेर पडले.

डेन्व्हरहून मायकल मलोन कडाडले. हो, तेच, २०१४च्या डिसेंबरातले. सराव घ्यायला लावता, पत्रकारांसमोर उभं करता आणि मग गाडीत फोन करता, ही काय रीत झाली, अशा अर्थाचं ते बोलले. मूळ शब्द जरा जास्त पौष्टिक होते. सॅक्रामेंटोच्या चाहत्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. आपल्याच घरातून हाकललेला माणूस आपल्याच घरातून हाकललेल्या दुसऱ्या माणसाची बाजू घेतो आणि घरचे टाळ्या वाजवतात, असा तो देखावा. पुढच्या एप्रिलमध्ये, हंगामाचे तीन सामने उरलेले असताना, डेन्व्हरनेही मलोनना काढलं. संघाला सर्वाधिक विजय मिळवून देणारा, एकमेव विजेतेपद आणणारा कोच. डेन्व्हरमध्ये तेव्हा जे सुतक पाळलं गेलं ते पाहून मावसभाऊ अनुभवी माणसाच्या थंडपणाने म्हणाला, “पहिल्यांदा असतं असं. होईल सवय.”

पण सुतक किती दिवसांचं? शास्त्रात दहा दिवस सांगितले आहेत. सॅक्रामेंटोत त्याच्या आतच आटोपलं. हंगामी कोच म्हणून डग क्रिस्टी आले, २००२च्या सोनेरी संघातले जुने खेळाडू, गावाचे लाडके. पहिला सामना लेकर्सकडून हरले. मग सलग सात जिंकले. आकाशात पुन्हा जांभळा खांब. आणि मग माझ्या फोनवर जो निरोप आला तो मी जपून ठेवला आहे. “दादा, मी तुला म्हटलं होतं ना, ब्राऊनला बदली खेळाडू वापरताच येत नव्हते?”

म्हटलं होतं. अगदी खरं म्हटलं होतं. गुरुवारी. मधला शुक्रवार कुठे गेला एवढाच माझा प्रश्न होता, पण सात विजयांच्या पुढे असले प्रश्न विचारू नयेत एवढं शहाणपण मला आहे. चाहत्याची स्मरणशक्ती अधू असते असं म्हणतात ते खोटं आहे. २००२ साली लेकर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात शेवटच्या चतुर्थांशात पंचांनी लेकर्सना २७ फ्री थ्रो दिले, हे सॅक्रामेंटोतला पाळण्यातलं मूलही सांगतो. हवं ते आठवतं, नको ते आठवत नाही, एवढंच.

फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनिओला गेला. त्याचे सदरे कपाटात गेले. सात विजयांची नवलाई ओसरली, हंगाम ४० विजय, ४२ पराभवांवर संपला, बाद फेरीच्या दारातच घरच्या मैदानावर डॅलसने पाडलं, आणि त्याच रात्री महाव्यवस्थापकही गेले. मावसभावाचा निरोप आला तो दोन शब्दांचा: “ब्राऊन असता...” पुढची टिंबं त्याचीच.

ब्राऊन त्या वेळी कुठे होते? घरी. मोक्षात. पण न्यूयॉर्कने त्यांना तिथे फार दिवस राहू दिलं नाही.

न्यूयॉर्क निक्स हा आणखी वेगळा नमुना. तिथे टॉम थिबोडो नावाचे घोगऱ्या आवाजाचे कोच पाच वर्षं होते. सामना चालू असताना त्यांचं ओरडणं घरी टीव्हीवरही ऐकू यायचं. नेहमीच्या पाच जणांना ते घामाघूम होईपर्यंत खेळवायचे, आणि बाकावरचे बाकावरच म्हातारे होणार अशी चाहत्यांची बोंब. २०२५च्या मे महिन्यात त्यांनी गतविजेत्या बॉस्टनला हरवलं, तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या बाहेर लोक खांबांवर चढले. २५ वर्षांनी संघ विभागाच्या अंतिम फेरीत पोचला. तिथे इंडियानाकडून हरला. ३१ मे रोजी हंगाम संपला, ३ जूनला थिबोडोंना नारळ. जे खांबांवर चढले होते ते उतरून म्हणू लागले, हे काय? त्यातले अर्धे लोक तीन दिवसांपूर्वी हाच नारळ मागत होते, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग जे झालं ते थेट आपल्या घरातलं. आधीचा जावई हाकलून दिला, नवीन पाहिलेला नाही. मग निक्सनी स्थळं काढली ती सगळी लग्न झालेली. डॅलसचे जेसन किड, ह्यूस्टनचे इमे उडोका, मिनेसोटाचे ख्रिस फिंच. प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारलं, तुमचा मुलगा आमच्या मुलीसाठी बघू का? त्यांनी सांगितलं, तो आमचा आहे, त्याला संसार आहे, चहा घ्या आणि निघा. न्यूयॉर्कसारख्या शहराला असा नकार पचत नाही. चाहते कपाळावर हात मारून बसले. महिनाभर ही वरसंशोधनाची वणवण झाल्यावर जुलैमध्ये स्थळ ठरलं: माइक ब्राऊन. अनुभवी, शांत, आणि मुख्य म्हणजे मोकळे.

न्यूजर्सीतून रोज गाडीने पेन स्टेशनला येणारी आपली मंडळी पुष्कळ आहेत. गार्डन बरोबर त्या स्टेशनाच्या डोक्यावर. त्यांतल्या एका निक्सभक्त स्नेह्याला मी फोन केला, ब्राऊन कसे वाटतात म्हणून. ते म्हणाले, “माणूस चांगला आहे हो, पण थिब्स तो थिब्स. त्याच्यासारखी शिस्त आता नाही दिसणार.” हेच गृहस्थ मेमध्ये मला सांगत होते की थिबोडो खेळाडूंचे गुडघे खातो.

मग मी फोल्समला फोन लावला. मला वाटलं, मावसभाऊ हळवा झाला असेल, गाडीतल्या फोनची आठवण काढेल. तर तो खूश होता. आता तो म्हणे निक्सचेही सामने बघणार. ब्राऊन आपलाच माणूस, आपणच त्याला ओळखलं, न्यूयॉर्कवाल्यांना आत्ता कळलंय.

“म्हणजे तू आता त्याच्या बाजूने?” मी विचारलं.

“अर्थात! शंभर टक्के,” तो म्हणाला. “फक्त त्याने ते बदली खेळाडूंचं काहीतरी बघायला हवं. डिसेंबरपर्यंत मी काही बोलणार नाही.”